जिभेवर जस्त

"ई! घाण आहे हे," बारकी म्हणाली आणि तोंडातला घोट तिनं सरळ टेबलावर थुंकला. तिच्या बापाच्या हातात ढवळायचा चमचा होता, तो तसाच वर धरून तो बघत राहिला. पहिलं वर्ष सोडलं, तर सात वर्षांच्या आयुष्यात या पोरीनं हे दूध (घरात त्याला दूध म्हणत, एरवी त्यात दुधाचा टिपूसही नव्हता) रोज तीनदा प्यायलं होतं; तापात प्यायलं होतं, प्रवासात प्यायलं होतं, एकदा तर अर्धवट झोपेत, मान बापाच्या खांद्यावर टाकून प्यायलं होतं; आणि एकदाही नाक मुरडलं नव्हतं. "काय म्हणालीस?" त्यानं विचारलं. आवाज इतका बारीक निघाला की त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "घाण. कुजक्या बटाट्यासारखं लागतंय. आणि पैसे चोखल्यासारखं. काय घातलंस तू यात?" "काही नाही गं घातलं. रोजचंच आहे." "खोटं! रोजचं असं नसतं." आणि इथे बापाला हसू फुटलं. साधंसुधं नव्हे, पोटातून उसळलेलं, आवरता न येणारं, डोळ्यांतून पाणी काढणारं हसू. बारकीला अर्थातच राग आला. घाण प्यायला देऊन वर खदखदणारा बाप कुणाला आवडेल? तिनं ग्लास लांब सारला, दप्तर उचललं आणि दारात जाऊन पाठ करून उभी राहिली. त्या पाठीवर वेणी होती. उन्हाळ्यापर्यंत तिथे वेणी म्हणावं असं काही नव्हतं, उंदराच्या शेपटीएवढं काहीतरी रबरात अडकवलेलं असे. आता चांगली करंगळीएवढी जाड होती. "चल, उशीर होतोय," ती भिंतीला उद्देशून म्हणाली, आणि तो टेबल तसंच टाकून, किल्ली, पिशवी, जेवणाचा डबा एकेक विसरत आणि परत येऊन घेत तिच्यामागून जिना उतरला.

रस्त्यात त्याला कुणालातरी थांबवून सांगावंसं वाटत होतं. पण सांगणार काय? आमची मुलगी आज 'घाण' म्हणाली हो! ऐकणाऱ्यानं यालाच खुळ्यात काढलं असतं. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यानं नेहमीसारखी मान हलवली तेव्हा यानं इतक्या जोरात हात हलवला की त्या बिचाऱ्यानं मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आहे की काय. बारकी चार पावलं पुढे, ताठ मानेनं चालली होती. "कुजका बटाटा कधी खाल्लास गं?" त्यानं मागून विचारलं. "खाल्ला नाही. वास घेतलाय." "आणि पैसे?" "चोखलेत." "कधी?" "ते मी सांगणार नाही." पुन्हा त्याला हसू आलं, आणि ते दाबताना घशातून असा काही आवाज निघाला की बारकीच्याही खांद्यांना थोडं हसू सुटलं, पण तिनं मान वळवली नाही, ती बापाच्याच वळणावर गेली होती. शाळेच्या फाटकाशी मात्र ती वळली आणि स्वच्छ, ठरवून म्हणाली, "संध्याकाळी ते मला नकोय. उद्यापण नकोय." "बघू, बघू!" तो आनंदात म्हणाला, कुणी सहलीला चलता का विचारावं आणि आपण म्हणावं तसं. मग ती आत गेली आणि तो बसच्या थांब्याकडे जवळजवळ पळतच निघाला.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. बाहेर दुकानांची दारं वर सरकत होती, कुणी फूटपाथवर पाणी मारत होतं, आणि त्याला प्रत्येक गोष्टीची चव आठवत होती. ओल्या सिमेंटची. पाटीवरच्या पेन्सिलीची. लहानपणी खिडकीचा गज चाटला होता त्याची. ही सगळी मालमत्ता फुकटात मिळते माणसाला आणि माणूस कधी मोजत नाही. बारकीला मात्र जन्मतःच सगळं मोजून मिळालं होतं. ती चार दिवसांची असताना टाचेतून रक्ताचा एक थेंब घेतला होता, आणि त्या थेंबावरून डॉक्टरांनी सांगितलं की प्रथिनांमधला एक घटक हिच्या अंगात मोडत नाही. तो साचतो. साचला की मेंदूला बाधतो. म्हणून दूध नाही, अंडं नाही, डाळ नाही, मांस नाही. फळं, भाज्या, भात, तेही काट्यावर तोलून. आणि वाढीला लागणारी बाकीची सगळी प्रथिनं एका भुकटीतून, पाण्यात कालवून, जन्मभर. "जन्मभर म्हणजे?" त्यानं तेव्हा विचारलं होतं. हा काय प्रश्न झाला! पण डॉक्टरांनी शांतपणे उत्तर दिलं होतं, "म्हणजे कायम." पहिल्या वर्षी ती आजारी पडली आणि पिईनाशी झाली तेव्हा नाकातून नळी घातली होती. त्या नळीची चिकटपट्टी गालावर लावायचं काम त्याचं होतं. चिकटपट्टी काढताना गालाची लव उपटून येई आणि ती रडे, आणि रडताना आवाज नळीमुळे घोगरा होई. तो घोगरा आवाज त्यानं आपल्या डोक्यातल्या सगळ्यात आतल्या खोलीत ठेवला होता, आणि त्या खोलीला बाहेरून कडी होती.

नळी सुटल्यावर मात्र बारकी जी प्यायला लागली ती लागलीच. काय तिचं कौतुक होई! दवाखान्यात त्याच विकाराची आणखी मुलं येत. त्यांचे आईबाप रडकुंडीला आलेले. कुणी ग्लास भिरकावतो, कुणी ओकतो, एकानं म्हणे भुकटीचा डबा चौथ्या मजल्यावरून खाली टाकला होता. त्या वासानं मोठ्या माणसांनाही मळमळायचं. आणि आमची बारकी! पाय हलवत, खिडकीबाहेर बघत, गटागटा. दवाखान्यातल्या आहारवाल्या बाई तिला इतर पालकांसमोर बसवत आणि म्हणत, "बघा, होतं की नाही?" हा बाजूला उभा असे, चेहऱ्यावर 'त्यात काय विशेष' असा भाव आणून, आतून फुगून टम्म. पोरगी आपली वाढत नव्हती, वर्गात सगळ्यांत पुढे उभी राहायची, ओठांचे कोपरे चिरलेले असायचे, खरचटलेलं महिनामहिना बरं व्हायचं नाही, पोट सारखं बिघडायचं, केस उशीवर यायचे, जेवायचं म्हटलं की तिला कंटाळा. पण त्या सगळ्याला एक नाव होतंच, तिच्या विकाराचं, आणि ते नाव पुढे केलं की प्रश्न संपत. आता बसमध्ये हे आठवताना त्याला पुन्हा चटका बसला: ज्या गुणाचं आपण गावभर कौतुक केलं, तो गुण नव्हताच. ते दुखणं होतं. तिला चव लागतच नव्हती.

आणि त्या दुखण्याचं मूळ दवाखान्यात नव्हतं, भुकटीत नव्हतं, नशिबात तर मुळीच नव्हतं. ते त्याच्या हातात होतं. तो रंगाच्या कारखान्यात रंग जुळवायचा. कुणी जुन्या कपाटाची कपची आणून देई, कुणी भिंतीचा खपला, आणि याच्या डोळ्याला तो रंग नेमका सापडे. बादलीभर पांढऱ्यात थेंब काळा, दोन थेंब पिवळा, ढवळलं की झालं. आणि रंगाच्या धंद्यातला पहिला धडा म्हणजे गाळणं. गाळल्याशिवाय डबा बंद करायचा नाही. एक गुठळी राहिली, एक कण राहिला, तरी भिंतीवर तो फोडासारखा दिसतो आणि गिऱ्हाईक शिव्या घालतं. वीस वर्षं त्यानं नायलॉनच्या बारीक जाळीतून रंग गाळला होता. तेव्हा भुकटीबरोबर एक करडी पुडी रोज त्या दुधात मिसळायची असते, आणि कितीही ढवळा, तिचा थोडा रवा तळाशी बसतो, हे दिसल्यावर त्याच्यासारख्या माणसानं काय करावं? पोरीच्या घशाला रवा लागू नये म्हणून त्यानं कारखान्यातून कोऱ्या जाळीचा तुकडा आणला, उकळून घेतला, आणि रोज तीन वेळा, डोळ्यांत तेल घालून, तिचं दूध गाळलं. मग जाळी नळाखाली धरून स्वच्छ. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे तर ग्लासच रिकामा होत होता. त्या पुडीतच सगळं होतं. जस्त, तांबं, सेलेनियम, आणि आणखी दोन-तीन नावं. दुसऱ्या मुलांना दुधातून, डाळीतून, अंड्यातून न मागता मिळणारी, आणि बारकीला फक्त त्या पुडीतून मिळू शकणारी. चिमटीत मावेल एवढं सगळं मिळून. आणि चिमटीत मावेल एवढंच तर जाळीवर राहायचं.

हे उघडकीला आलं ते आहारवाल्या बाईंच्या हट्टामुळे. रक्तात जस्त जवळजवळ नाही, असं तपासणीत दिसलं तेव्हा डॉक्टर म्हणाले पोटात शोषलं जात नसेल. आणखी तपासण्या लिहिल्या. बाईंनी मान डोलावली आणि याला म्हणाल्या, "तुम्ही घरी कसं करता, तस्संच इथे करून दाखवा. भांडी-बिंडी घरचीच आणा." तो दुसऱ्या दिवशी सगळा सरंजाम घेऊन गेला. खरं सांगायचं तर मिरवायला गेला. बाईंच्या खोलीत छोटा ओटा होता, तिथे त्यानं भुकटी तोलली, पाणी मोजलं, पुडी झटकून शेवटच्या कणापर्यंत रिकामी केली, ढवळलं, आणि जादूगारानं रुमाल काढावा तशी खिशातून जाळी काढून ग्लासवर ताणली. गाळून झाल्यावर त्यानं जाळी नळाखाली धरली. "थांबा!" बाई ओरडल्या. वयाला शोभणार नाही अशा ओरडल्या. "ते काय धुताय?" "गाळ आहे बाई. कचकच लागते ना तिला." बाई त्याच्याजवळ आल्या, त्याच्या हातातून जाळी घेतली आणि उजेडाकडे धरली. मग खूप हळू म्हणाल्या, "हा गाळ नाही हो. हेच तर औषध आहे." बारकीची आई खुर्चीत बसली होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही, आणि त्याबद्दल तो आजही तिचा ऋणी होता. घरी आल्यावर रात्री ती एवढंच म्हणाली, "माझ्या समोरच तर गाळत होतास. मलापण ते छानच वाटायचं." त्यानंतर जाळी गेली. जस्ताचे वेगळे थेंब सुरू झाले, पुडी ढवळत ढवळत तळापर्यंत तिच्या पोटात जाऊ लागली. आधी पोट बिघडायचं थांबलं. मग ओठ भरून आले. मग केस. आणि बाई म्हणाल्या होत्या, जिभेचंही जस्तावर बरंच अवलंबून असतं, बघा काय होतंय ते. तर हे झालं होतं! आज, सकाळी, टेबलावर, थुंकून!

कारखान्यात शिरताना तो शीळ घालत होता. त्याच्या बाकाशेजारी बसणारा डबे भरणारा, ज्याला त्याच्या आवाजामुळे सगळे भोंगा म्हणत, तो म्हणाला, "काय रे, लॉटरी लागली की सासू गेली?" "त्याहून मोठं." "मग बोल ना!" "पोरगी 'घाण' म्हणाली." भोंग्यानं तोंड उघडलं, मिटलं, आणि त्याच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्याला बोलायला काही सुचलं नाही. हा बाकाशी बसला. समोर कुणीतरी आणून दिलेली लाकडाची कपची होती. हिरवट, राखी, कुणाच्या घरच्या दाराची. एरवी तो अशा कपचीकडे खूप वेळ बघत बसे. आज त्याला ती बघताक्षणी उलगडली: त्यात निळा किती, माती किती, आणि सगळ्याच्या खाली बसलेला, कुणाला न दिसणारा तांबड्याचा एक थेंब. तो थेंब नसता तर ते दार मेलेलं दिसलं असतं. त्यानं थेंब टाकला आणि ढवळलं. रंग हळूहळू फिरला, बादलीत सगळीकडे पोचला, आणि कपची त्यात बुडवली तर दिसेनाशी झाली. हे मी वीस वर्षं करतोय, त्याला वाटलं, थेंबानं बादली बदलते हे पोटासाठी रोज करतोय, आणि घरी जाऊन तोच थेंब रोज नळाखाली सोडत होतो. पण आज या विचारानंही त्याचं मन खाली बसेना. ते उड्या मारत होतं. ती काय काय चाखेल! लिंबू. मीठ. साखर पुन्हा पहिल्यापासून. जांभळं. पावाची करपलेली कड. तिला या सगळ्याची माहिती होती ती नुसती रंगावरून आणि नावावरून, आता एकेक दार उघडणार. मधली सुट्टी होताच त्यानं बायकोला फोन लावला. ती पोस्टात पार्सलांच्या खिडकीवर होती, मागून वजनकाट्याचे आणि शिक्क्यांचे आवाज येत होते. "अगं, घाण म्हणाली!" तो ओरडलाच. "दुधाला! थुंकली! कुजका बटाटा म्हणाली, पैसे म्हणाली!" पलीकडे शिक्का थांबला. "खरंच?" बायकोचा आवाज भरून आला. "खरंच म्हणाली?" "अगदी स्वच्छ. ई, असं. तू हवी होतीस!" मग क्षणभर दोघंही नुसती फोनमध्ये हसत राहिली. आणि मग बायकोनं विचारलं, "मग प्यायली का?"

त्याचं हसू जागच्या जागी थिजलं. ग्लास टेबलावर होता. तो स्वतः दार ओढून निघाला होता, हसत, आणि ग्लास भरलेला टेबलावर होता. "प्यायली ना?" बायकोनं पुन्हा विचारलं. "नाही." "म्हणजे?" "म्हणजे... मी विसरलो. आनंदात." पलीकडे शिक्का जोरात आपटला. मग ती म्हणाली, "मी दुपारी सुट्टी काढते. शाळेतून आली की देते मी." आणि फोन ठेवला. तो कारखान्याच्या अंगणातल्या रिकाम्या पिंपांमध्ये उभा होता. 'संध्याकाळी नकोय. उद्यापण नकोय.' सकाळी हे त्याला गोड वाटलं होतं! डोक्यातल्या त्या आतल्या खोलीची कडी कुणी बाहेरून काढली नाही, आतूनच दार ढकललं गेलं, आणि तो घोगरा आवाज त्याला ऐकू आला. त्यानं आहारवाल्या बाईंना फोन केला. बाईंनी आधी "अरे वा!" म्हटलं, अगदी मनापासून, आणि मग त्यांचाही आवाज बदलला. "हे बघा, एखाददुसरी वेळ चुकली तर आभाळ कोसळत नाही. पण सवय मोडली की परत लावताना नाकी नऊ येतात. इतर मुलं लहानपणापासून त्या चवीशी भांडतात, रुळतात. हिला ती चव आज पहिल्यांदा भेटलीय, आणि अक्कल आलेल्या वयात भेटलीय. थंड करून बघा. झाकणाचा पेला, स्ट्रॉ, काय हवं ते करा. रात्रीपर्यंत प्यायली तर उत्तम. दोन दिवस गेले तर मात्र इथे आणा." "आणि मग?" "मग बघू. नळी घालावी लागेल कदाचित थोडे दिवस. घाबरू नका." घाबरू नका! हे वाक्य माणसाला घाबरवण्यासाठीच कुणीतरी शोधून काढलं असावं. "आणि एक," बाई म्हणाल्या, "तिला फसवू नका. साखरेत लपवून, नाव बदलून, तसलं काही नको. या मुलांना जन्मभर प्यायचं असतं. एकदा विश्वास उडाला की संपलं."

दुपारी बायकोचा फोन आला. "दात आवळून बसलीय. थंड केलं, स्ट्रॉ दिला, गोष्ट सांगितली. नाही म्हणजे नाही. मी थोडी ओरडले. आता ती रडतेय आणि मीपण." त्यानं फोन खिशात टाकला. बाकासमोर खुंटीवर बारीक जाळीचा गुंडाळा लटकत होता, रोजचाच, पांढरा, तलम. त्याच्याकडे बघता बघता एक विचार त्याच्या मनात आला, आणि तो असा सहज आला की जणू दार उघडंच होतं: पैशांची चव त्या पुडीचीच असणार. थोडं गाळलं, दोन-चार दिवस, तर निदान तेवढी तरी चव जाईल. आणि त्यामागोमाग दुसरा, त्याहून वाईट: थेंब सुरूच केले नसते तर आज ती मुकाट प्यायली असती. खिडकीबाहेर बघत, पाय हलवत. वेणी बारीक राहिली असती, पण ग्लास रिकामा झाला असता. एक क्षणभर, अगदी खराखुरा एक क्षणभर, त्याला आपली ती जुनी बारकी हवीशी वाटली, जिला काही कळत नव्हतं. मग त्याला आपलीच इतकी भीती वाटली की तो उठून उभा राहिला. बाक हलला, बादली हिंदकळली. "काय झालं रे?" भोंग्यानं विचारलं. "मी जातो घरी. सांभाळ." "सकाळी नाचत आलास, आता असा चाललास जसा—" "उद्या सांगतो," तो म्हणाला, आणि अंगावरचा रंगाचा डगला न काढताच बाहेर पडला. बसची वाट बघवेना म्हणून तो चालत सुटला, आणि चालताना त्याच्या लक्षात आलं की भीतीच्या खाली, तळाशी, सकाळचा तो आनंद अजून आहे. गेलेला नाही. लाज वाटावी इतका शाबूत आहे. तिला कळतंय, तिला कळतंय, असं त्याची पावलं फरशांवर म्हणत होती. आता नकार द्यायला ती माणूस झाली होती, आणि त्याला तीच माणूस हवी होती, नकारासकट. मग प्यायचं कसं, हे मात्र त्याला काही केल्या सुचत नव्हतं.

दार उघडलं तर घरात रडारड नव्हती. स्वयंपाकघराच्या जमिनीवर बारकी मांडी घालून बसली होती आणि तिच्याभोवती वाट्या, बरण्या, चमचे पसरले होते. रडून रडून थकल्यावर तिला भूक लागली होती, आणि भुकेनं तिला एक नवीनच खेळ सापडला होता. "बाबा, मीठ बघ! मीठ केवढं ओरडतं!" ती म्हणाली. "आणि लिंबू इथे लागतं, कानाखाली. कानाखाली कसं लागतं?" तिचे डोळे सुजलेले होते आणि चमकत होते. आई ओट्याला टेकून उभी होती, हातात लिंबाची अर्धी फोड, चेहऱ्यावर हसू आणि काळजी यांची मिसळ. "साबणही चाखला तिनं," ती म्हणाली, "आणि खिडकीचा गज." "गज वेगळा, पैसे वेगळे," बारकीनं समजावून सांगितलं. "गज थंड आहे. पैसे आंबट आहेत. तुझं बोट दाखव." त्यानं बोट पुढे केलं. तिनं ते हुंगलं, विचार केला आणि म्हणाली, "हे नको." तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. डगल्यावरचा हिरवट रंग अजून ओला होता, तो फरशीला लागला, पण कुणी काही बोललं नाही. साखरेचा एक दाणा तिनं त्याच्या जिभेवर ठेवला आणि तो काय म्हणतो ते बघत राहिली. "छान," तो म्हणाला. आणि त्या शब्दासरशी तिचा चेहरा एकदम बंद झाला.

"तू दुधालापण छान म्हणायचास," ती म्हणाली. "रोज. 'वा वा, छान छान, संपलं!' असं." त्यानं जिभेवरची साखर गिळली. "तुला माहीत होतं ते घाण आहे?" आईनं लिंबाची फोड ओट्यावर ठेवली. त्याला बाईंचं बोलणं आठवायची गरज पडली नाही, त्या मुलीच्या डोळ्यांसमोर खोटं बोलणं शक्यच नव्हतं. "हो," तो म्हणाला. "आईला?" "मलापण," आई म्हणाली. "आणि दवाखान्यातल्या बाईंना?" "सगळ्यांना माहीत होतं." बारकीनं समोरची मिठाची वाटी जरा पुढे सरकवली, जरा मागे घेतली. "म्हणजे मला एकटीलाच माहीत नव्हतं." तो म्हणाला, "तुला चव लागत नव्हती. ते माझ्या हातून झालं. मला वाटलं मी तुझ्यासाठी चांगलं करतोय, पण तुझ्या दुधातलं जे तुला हवं होतं तेच मी काढून टाकत होतो. आता नाही काढत. म्हणून तुला मीठ कळतंय, लिंबू कळतंय." "आणि घाणपण." "आणि घाणपण." "आणि नाही प्यायले तर?" आईनं नवऱ्याकडे पाहिलं. मग तीही खाली बसली आणि म्हणाली, "नाही प्यायलीस तर तुझं डोकं आजारी पडेल. आत्ता मीठ काय, गज काय, हे जे तुला कळतंय ना, ते हळूहळू कळेनासं होईल. म्हणून आम्ही मागे लागतो. दुसरं काही नाही." बाहेर जिन्यावर कुणीतरी चढून गेलं, शेजारी भांडं वाजलं. बारकीच्या जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात फिरत होतं, अजून कशाची तरी चव शोधत.

"कर," ती अखेर म्हणाली. तो उठला. भुकटी त्यानं दोनदा तोलली. पुडी झटकली, ढवळलं, आणि ग्लास आणून तिच्या हातात दिला. वास आला. तिनं ग्लास नाकापर्यंत नेला, खाली आणला. "पण कुणी छान म्हणायचं नाही." "नाही म्हणणार." "घाण म्हणायचं. मोठ्यानं. मी पीत असताना." "चालेल." "आईनंपण." "मी तर ओरडेन," आई म्हणाली. बारकीनं डोळे घट्ट मिटले आणि पहिला घोट घेतला, आणि तिच्या सगळ्या अंगावर काटा आलेला त्यांना दिसला. "घाण!" बाप म्हणाला. "अजून मोठ्यानं," ती ग्लासातूनच गुरगुरली. "घाण! घाणेरडं!" "कुजका बटाटा!" आई ओरडली. "कुजके बटाटे! पोतंभर!" "गंजका पैसा! नासकं, सडकं, भिकार!" तिला उमासा आला, ती थांबली, डोळ्यांतून पाणी गालावर आलं, दोघंही श्वास रोखून बसली, आणि मग तिनं पुन्हा ग्लास तोंडाला लावला आणि ही दोघं जीव तोडून ओरडू लागली, जेवढ्या म्हणून शिव्या वस्तूला देता येतात तेवढ्या सगळ्या त्या दुधाला देत, हसत, रडत, आणि शेजाऱ्यांनी भिंतीवर तीनदा ठोकलं तरी थांबली नाहीत. ग्लास खाली आला तो रिकामा होता. बारकी धापा टाकत होती. तिचं नाक लाल झालं होतं, वरच्या ओठावर पांढरी रेघ होती, आणि असा चेहरा त्यानं तिचा आजवर पाहिला नव्हता. दवाखान्यात लोकांना दाखवायची ती मुलगी ही नव्हतीच. ती कधी काही जिंकली नव्हती; तिला जिंकायला काही नव्हतंच. त्याला तिला उचलून घ्यावंसं वाटलं, पण अंगावर ओला रंग होता म्हणून तो नुसताच हात पुढे करून बसला.

"उद्यापण घाणच लागेल?" तिनं विचारलं.

"उद्यापण."

"मोठी झाल्यावर?"

"तेव्हापण."

तिनं थोडा विचार केला. "मग तेव्हापण ओरडायचं," ती म्हणाली, बाहीनं तोंड पुसलं आणि साखरेची बरणी पुढे ओढली.